आपल्या बोलीतला रेडिओ



सामुदायिक रेडिओचा विषय काढला की, "सगळ्यांच्या हाती मोबाईल असताना रेडिओ कशाला?" असे काही सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे.

मोबाईलवर मराठी, हिंदी, गुजराती सारे ऐकू येते. वारली बोली मात्र क्वचितच. जी बोली शाळेत नाही आणि गाण्या-जाहिरातींतही नाही, ती कमी दर्जाची आहे असे मुलांना वाटू लागते. शिवाय रेडिओ ऐकायला रिचार्ज लागत नाही.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला. 2006 च्या धोरणाने सेवाभावी संस्थांनाही परवान्याची वाट मोकळी झाली. संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षे काम केलेली हवी, व निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक असावे लागतात. सातारा जिल्ह्यात म्हसवडचे 'माणदेशी तरंग वाहिनी' केंद्र असेच चालते. केंद्राची पोच साधारण 10 ते 15 किलोमीटर. मध्ये डोंगर आला तर आणखी कमी. म्हणून डहाणूचे केंद्र तलासरीला पुरणार नाही.

बोलायचे कशावर? संगीत घ्या. तारपा वाजवणारे म्हातारे होत आहेत. त्यांचे वादन आणि त्यामागची माहिती आताच ध्वनिमुद्रित व्हायला हवी. पेहराव घ्या. आजीचे लुगडे नातीला नकोसे वाटते, पण गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलेली वारली चित्रे शहरातल्या कुर्त्यांवर मिरवतात. त्यांतले किती पैसे पाड्यावर येतात, यावर मुलींनीच बोलावे.

राजकारणाला मर्यादा आहे. पक्षाचा प्रचार चालत नाही, स्वतःच्या बातम्याही देता येत नाहीत. पण 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला कोणते अधिकार दिले, हे समजावून सांगता येते. पर्यावरणाचा प्रश्न तर दारातच उभा आहे. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ज्यांची जमीन, जाळी आणि मजुरी यात गुंतली आहे, त्यांना नियमांची माहिती स्वतःच्या बोलीत मिळाली पाहिजे.

या रेडिओवरून उपदेश करावा, असे मला वाटत नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले. लोकांना आधी आपली भाषा सोडा, असे कोणी सांगितले नाही. वारली माणसाचे बोलणे मानाने ऐकणे, हीच येथे आपली साक्ष आहे.

परवाना, यंत्रे, प्रशिक्षण यांना वेळ आणि पैसा लागेल. पण एक काम आजच करता येईल. आपल्या मंडळीतील तरुणांना मोबाईल घेऊन पाड्यांवर पाठवा. वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांनी गाणी, गोष्टी, औषधी झाडांची माहिती नोंदवून ठेवावी. उद्या केंद्र उभे राहिले तर पहिला कार्यक्रम त्यातूनच होईल. न राहिले तरी ते आवाज जपले जातील.

या कामासाठी प्रार्थना करा.