सेन्सर बदलण्याआधी साफ करा, आणि त्या कामाचे पैसे घ्या

आजचा विषय खास गॅरेजवाल्यांसाठी.

गाडी येते. पिकअप नाही, मायलेज पडलंय, चेक इंजिनचा दिवा लागलाय. तुम्ही स्कॅनर लावता, कोड येतो पी ०१०१, म्हणजे एअर फ्लो सेन्सर. लगेच तुम्ही म्हणता, "साहेब, सेन्सर गेला, बदलावा लागेल."

थांबा! रीडिंग जुळत नाही, एवढंच कोड सांगतो. सेन्सर गेलाय असं तो म्हणत नाही.

या सेन्सरमध्ये एक बारीक तार किंवा पट्टी गरम ठेवलेली असते. येणारी हवा तिला थंड करते आणि त्यावरून हवा किती आली ते मोजलं जातं. तिच्यावर धूळ-तेलाचा थर बसला की माप चुकतं, आणि इंधनाचा हिशोबही. अशा वेळी दुखणं सेन्सरचं नसतं, मळाचं असतं.

मग करायचं काय?

१. आधी एअर फिल्टर आणि त्यापुढचा रबरी पाइप बघा. पाइप फाटला असेल तरी हाच कोड येऊ शकतो.
२. इग्निशन बंद करा, कनेक्टर काढा, सेन्सर बाहेर घ्या.
३. एअर फ्लो सेन्सरसाठीच मिळणारा स्प्रे मारा. कार्ब क्लीनर, ब्रेक क्लीनर नको. बोट, ब्रश, कापूस, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. तार नाजूक असते.
४. आपोआप पूर्ण सुकू द्या. मग बसवा, कोड क्लिअर करा, ट्रायल घ्या.

डिझेल गाडीत मॅप सेन्सरवर ईजीआरची काजळी बसते. तिथेही आधी सफाईच.

पण सगळंच साफ करून चालत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा पी ०१३५ आला तर प्रश्न हीटरच्या सर्किटचा आहे. फ्यूज, वायरिंग तपासा. ते ठीक असेल आणि आतला हीटरच तुटला असेल, तर सेन्सर बदला. तिथे स्प्रे मारून ग्राहकाला फिरवू नका.

आता तुम्ही म्हणाल, "सर, मग पार्टवरचं मार्जिन गेलं की!"

हिशोब करून बघा. नवा सेन्सर बसवला, दिवा परत लागला, कारण पाइप फाटलेला होता. उघडलेला इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. पार्ट तुमच्या गळ्यात आणि ग्राहक दुसऱ्या गॅरेजमध्ये!

म्हणून काम हातात घेण्याआधीच सांगा: "साहेब, आधी साफ करून बघतो. फरक नाही पडला तर बदलू. तपासणी आणि सफाईचे मात्र इतके होतील." आधीचं आणि नंतरचं रीडिंग, दोन्हीचे फोटो त्यांना व्हॉट्सअ‍ॅप करा. पार्ट कुठेही मिळतो; निदान तुमच्याकडे मिळतं, ते फुकट देऊ नका.

आजचं होमवर्क: तुमच्या बिलात "तपासणी व सेन्सर सफाई" अशी वेगळी ओळ आहे का? नसेल तर आजच टाका.