गाडी किती दूर आहे?

गेल्या पावसाळ्यांत आम्ही घरचीं सारीं माणसें मावळांत सहलीस गेलों होतों. लोणावळ्याच्या अलीकडील एका लहान स्टेशनावर उतरलों. पुलाचा जिना चढण्याऐवजीं रूळ ओलांडूनच जावें, असें थोरल्या पुतण्याच्या मनांत आलें. दूरवर गाडीचा दिवा दिसत होता. "काका, गाडी अजून पुष्कळ लांब आहे," तो म्हणाला. रूळ ओलांडणें हा गुन्हा तर आहेच. पण नुसत्या दटावणीपेक्षां हिशेब अधिक पटतो. मीं म्हटलें, "लांब म्हणजे किती, तें आधीं मोजूं."

गाडी ३०० मीटरांवर आहे व तिचा वेग ताशीं ९० किलोमीटर आहे, असें आम्हीं धरलें. पुतण्यानें झटकन ३०० ला ९० नें भागून "तीन पूर्णांक एक तृतीयांश" असें उत्तर दिलें. पण तीन काय? सेकंद, मिनिटें, कीं तास? त्याला सांगतां येईना. विद्यार्थ्यांची बहुतेक फजिती येथेंच होते. अंतर मीटरांत व वेग किलोमीटरांत ठेवून भागाकार करणें म्हणजे शेर आणि मण यांची सरळ बेरीज करण्यासारखेंच आहे.

एका किलोमीटरांत १००० मीटर व एका तासांत ३६०० सेकंद असतात. १००० ला ३६०० नें भागून संक्षेप केला म्हणजे ५/१८ उरतात. म्हणून ९० ला ५/१८ नें गुणिलें कीं सेकंदास २५ मीटर हा वेग मिळतो. ३०० मीटरांस वेळ लागेल १२ सेकंद. पडताळाही पाहावा: ३०० मीटर म्हणजे ०.३ किलोमीटर; त्यास ९० नें भागतां तासाचा तीनशेंवा भाग येतो, आणि तोही १२ सेकंदच.

आतां दुसरी बाजू. दोन्ही मार्ग ओलांडून निर्धास्त जागीं पोंचण्यास १२ मीटर चालावें लागेल असें धरा. आजींची चाल सेकंदास १ मीटर, म्हणजे उलट १८/५ नें गुणून ताशीं ३.६ किलोमीटर. त्यांनाही लागणार १२ सेकंदच! पुतण्याचा चेहरा उतरला. कांहीं न बोलतां त्यानें आजींचा हात धरला व तो जिन्याकडे वळला.

परततांना लोकलमध्यें त्यानें आपण होऊनच पुढचें गणित काढलें. लोणावळें ते पुणें ६४ किलोमीटर. वेळ १ तास २० मिनिटें धरला. येथेंही एक खांच आहे: १ तास २० मिनिटें म्हणजे १.२० तास नव्हे, ४/३ तास. म्हणून सरासरी वेग ताशीं ४८ किलोमीटर. आजींना मात्र मैलच कळतात. १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धत आली, त्यापूर्वीं हा सारा मार्ग मैलांनींच मोजला जाई; १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली तेव्हांही, आणि १९३० सालीं 'डेक्कन क्वीन' धांवूं लागली तेव्हांही. ८ किलोमीटर म्हणजे सुमारें ५ मैल; त्या मानानें ४० मैल अंतर व ताशीं ३० मैल वेग. आजींनीं समाधानानें मान डोलावली.

मुलांकडून सूत्रें अवश्य पाठ करून घ्यावीं. पण त्याआधीं प्रत्येक आंकड्यापुढें त्याचें एकक लिहिण्याची संवय लावावी. नुसता आंकडा अर्धेंच उत्तर सांगतो, आणि रुळांवर अर्धें उत्तर पुरत नाहीं.