सौम्य माणसं निघून जातात तेव्हा

कॅनडातल्या टोरांटो शहरात १९९७ मध्ये एका तरुणीने एक साधी वेबसाइट सुरू केली. जोडीदार हवा असूनही मिळत नाही, अशा माणसांनी तिथे यावं, आपलं एकटेपण बोलून दाखवावं, एकमेकांना धीर द्यावा, एवढाच तिचा हेतू होता. पुरुष येत, स्त्रियाही येत. ‘इन्सेल’, म्हणजे इच्छा असूनही जोडीदाराविना राहिलेला माणूस, या नावाचं मूळ तिथलं. काही वर्षांनी ती त्या कामातून बाहेर पडली.

२३ एप्रिल २०१८ रोजी त्याच शहरात यंग स्ट्रीटवर एका तरुणाने भाड्याची व्हॅन पदपथावरच्या माणसांवर घातली. १० जण मृत्युमुखी पडले. गंभीर जखमी झालेली एक महिला २०२१ मध्ये दगावली. हल्ल्याआधी त्याने फेसबुकवर ‘इन्सेल बंड’ सुरू झाल्याचं जाहीर केलं होतं. खटल्यात न्यायाधीशांना या दाव्यापेक्षा त्याची कुप्रसिद्धीची हाव अधिक खरी वाटली. पण ज्यांच्याकडून त्याला ती कुप्रसिद्धी हवी होती, त्या इंटरनेटवरच्या इन्सेल गटांमध्ये स्त्रीद्वेष ही तोवर रोजची भाषा झाली होती. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात सहा जणांचा जीव घेणाऱ्या तरुणाचा या गटांत उघड उदोउदो चाले.

धीर देण्यासाठी जमलेल्या माणसांच्या नावाचं असं का व्हावं? वाईट प्रवृत्तीचे लोक घुसले, हे उत्तर पटकन सुचतं आणि त्यात तथ्यही आहे. मला मात्र कोण आलं यापेक्षा कोण गेलं, हा प्रश्न मोलाचा वाटतो. अशा गटात ज्याला जोडीदार मिळतो, त्याला तिथे थांबायचं कारण उरत नाही. म्हणजे इतरांना आशा दाखवू शकेल असा माणूसच आधी निघतो. मागे राहिलेल्यांचा सूर थोडा कडवट होतो, त्या कडवटपणाला कंटाळून आणखी काही मवाळ माणसं जातात, आणि सूर आणखी चढतो. दूध आटवताना बाहेरून काही घालावं लागत नाही. पाणी निघून गेलं की उरलेलं दाट होतंच. गटही तसाच आटतो.

मागे राहिलेली माणसं आपसात बोलू लागली की काय होतं, हे सामाजिक मानसशास्त्राला इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. सर्ज मॉस्कोव्हिसी आणि मारिसा झाव्हालोनी यांनी १९६९ मध्ये फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. या मुलांचं अध्यक्ष द गॉल यांच्याविषयी मत आधीच बरं होतं आणि अमेरिकनांविषयी काहीसं वाईट. छोट्या गटांत चर्चा केल्यावर पहिलं मत आणखी चांगलं झालं, दुसरं आणखी वाईट. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात उदारमतवादी बोल्डर आणि परंपरावादी कोलोरॅडो स्प्रिंग्ज या दोन शहरांतल्या नागरिकांना आपापल्या शहरातल्या लोकांसोबत बसवून हवामानबदलासारख्या विषयांवर बोलायला लावलं गेलं. चर्चेनंतर एकट्याने, नाव न देता नोंदवलेली मतंही दोन्हीकडे टोकाला सरकली होती. गटाच्या आतले मतभेद कमी झाले आणि दोन शहरांमधलं अंतर वाढलं. एका बाजूचेच मुद्दे पुन्हा पुन्हा कानावर पडतात, हे याचं एक कारण. आपण आपल्या लोकांपेक्षा मागे पडू नये, उलट दोन पावलं पुढेच दिसावं, ही धडपड हे दुसरं.

या धडपडीला समाजमाध्यमांनी आकडा जोडला. कुणाला किती लाइक, हे सगळ्यांना दिसतं. येल विद्यापीठात विल्यम ब्रेडी आणि मॉली क्रॉकेट यांच्या गटाने ७,३३१ जणांची १ कोटी २७ लाख ट्वीट्स तपासून २०२१ मध्ये दाखवून दिलं, की संतापाने लिहिलेल्या मजकुराला दाद मिळाली की तो माणूस पुढे संतापाने लिहिण्याची शक्यता वाढते. या अभ्यासातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग पुढचा आहे. जहाल वर्तुळातली माणसं मुळात जास्त संतापलेली असतात खरी, पण मिळालेल्या दादेने स्वतःला बदलण्याचं प्रमाण मवाळ वर्तुळातल्या माणसांमध्ये अधिक दिसलं. म्हणजे मवाळ माणूस एकतर निघून जातो किंवा थांबला तर हळूहळू घडवला जातो.

त्याला घडवायला फार काही लागत नाही. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग मांडला. सहभागींना आधी सोपी किंवा मुद्दाम अवघड चाचणी दिली आणि मग एका लेखाखाली मत लिहायला सांगितलं. चाचणी सोपी आणि वरची मतं सभ्य असतील, तर ३५ टक्के प्रतिसाद त्रासदायक निघाले. चाचणीने वैतागलेल्या आणि वर शिवीगाळ वाचलेल्या लोकांमध्ये हे प्रमाण ६८ टक्के होतं. लोक दोन्हीकडे सारखेच होते, साधेसुधे. त्यामुळे ‘ट्रोल’ ही माणसांची वेगळी जात आहे, ही समजूत मला धोक्याची वाटते. ती आपल्याला आपल्याच लिहिण्याकडे पाहू देत नाही.

आपल्याकडच्या नातेवाइकांच्या किंवा शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून माणूस सहसा बाहेर पडत नाही, नात्याची भीड असते. तो ग्रुप म्यूट करतो. परिणाम तोच. त्याच्या गप्प बसण्याला संमती धरलं जातं आणि जोरात बोलणारे दोघे-तिघे म्हणजेच सगळा ग्रुप, असं सगळ्यांना वाटू लागतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ पासून अ‍ॅडमिनखेरीज इतर सदस्यांना न कळता ग्रुप सोडण्याची सोय दिली. जाणाऱ्याला ती सोयीची आहेच. मागे राहिलेल्या इतरांना मात्र कोण गेलं हेही लगेच कळत नाही.

मग असे गट बंदच का करू नयेत? रेडिट या चर्चांच्या वेबसाइटने २०१५ मध्ये लठ्ठ माणसांची आणि कृष्णवर्णीयांची हेटाळणी करणारे दोन गट बंद केले. अनेक सदस्य रेडिट सोडून गेले. जे थांबले त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी घटली. २०१७ मध्ये तिथला इन्सेल गटही बंद झाला आणि त्यातली मंडळी स्वतंत्र वेबसाइटवर गेली. २०२१ च्या एका अभ्यासानुसार या स्थलांतराने सदस्य आणि नवे येणारे, दोन्ही कमी झाले. त्याच अभ्यासातल्या ट्रम्प-समर्थकांच्या गटात मात्र, संख्या घटूनही, नव्या जागी विखार वाढलेला आढळला. बंदीने गट लहान होतो, पण उरलेला अर्क कधी कधी आणखी तीव्र होतो. तरीही नव्या माणसांचा ओघ आटणं ही मोठी गोष्ट आहे, म्हणून मी बंदीच्या बाजूने आहे.

नव्यांचा हा ओघ चांगल्या जागीही वळवता येतो. नेथन मथायस यांनी रेडिटच्या विज्ञानविषयक गटात एक प्रयोग केला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही चर्चांच्या माथ्यावर नियम ठळकपणे लावले: इथे काय चालतं, काय काढून टाकलं जातं, आणि लक्ष ठेवणारी माणसं आहेत. काहींवर लावले नाहीत. नियम लावलेल्या चर्चांमध्ये नवख्यांचं नियमपालन आठहून अधिक टक्केबिंदूंनी वाढलं. एवढं अपेक्षित होतं. नियम पाहून लोक बिचकतील, अशी भीती होती. प्रत्यक्षात पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. आपला अपमान झाला तर कुणीतरी मध्ये पडेल, एवढा भरवसा मिळाल्यावर दारातूनच परतणारी ही माणसं आत आली असावीत, असं मला वाटतं. त्या गटात लक्ष ठेवणारे हजाराहून अधिक स्वयंसेवक होते आणि त्यातल्या एकालाही या कामाचा पगार मिळत नव्हता.