काचबिंदू आणि खोलीची जाणीव

काचबिंदू या विकारात डोळ्याकडून मेंदूकडे संवेदना नेणारी नस हळूहळू क्षीण होत जाते. बाजूची दृष्टी कमी होणे हा त्याचा सर्वपरिचित परिणाम होय. वस्तू किती अंतरावर आहे हे ओळखण्याची क्षमता, म्हणजेच खोलीची जाणीव, मंदावणे हा तितकासा परिचित नसलेला परिणाम आहे. तक्त्यावरील बारीक अक्षरे नीट वाचता येत असतानाही ही जाणीव उणावलेली असू शकते.

खोली कशी कळते

माणसाच्या दोन्ही डोळ्यांतील बाहुल्यांमध्ये साधारण ६ ते ६.५ सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे एकाच वस्तूच्या किंचित भिन्न प्रतिमा दोन दृष्टिपटलांवर उमटतात आणि त्यांतील फरकावरून मेंदू अंतर ताडतो. चार्ल्स व्हीटस्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप या उपकरणाद्वारे हे दाखवून दिले. सावली, आकारमान, एक वस्तू दुसरीआड जाणे यांवरून एका डोळ्यालाही अंतराचा अंदाज येतो. मात्र सुईत दोरा ओवण्यास लागणारी अचूकता त्यात नसते.

काचबिंदूत काय घडते

प्रत्येक डोळ्याचे दृष्टिक्षेत्र नाकाच्या बाजूस सुमारे ६० अंश, तर कानाच्या बाजूस ९० अंशांपर्यंत किंवा त्याहून थोडे अधिक पसरलेले असते. दोन्ही क्षेत्रे मध्यभागी एकमेकांवर येतात आणि त्रिमितीय दृष्टी केवळ या समाईक भागातच शक्य असते. काचबिंदूची सुरुवातीची हानी पुष्कळदा नेमकी नाकाकडील भागात आढळते. एका डोळ्याला न दिसणारी जागा दुसरा डोळा भरून काढतो, म्हणून रुग्णाला काही गमावल्याचे जाणवत नाही. परंतु तेथे आता एकच प्रतिमा उरलेली असते. तुलनेसाठी दुसरी नसते. ज्या व्यवस्थेमुळे रोग झाकला जातो, तिच्याच आड खोलीही हरवते.

दोन्ही डोळ्यांतील हानी सहसा सारखी नसते. एका डोळ्याची प्रतिमा फिकट झाली की मध्यभागीही प्रतिमांचा मेळ बिघडतो. एका नसेतून संदेश उशिरा पोहोचल्यास सरळ झुलणारा लंबक लंबवर्तुळात फिरल्यासारखा भासतो. हा भास कार्ल पुलफ्रिख यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी त्याचे स्पष्टीकरण १९२२ मध्ये मांडले, परंतु स्वतः एका डोळ्याने अंध असल्याने त्यांना तो कधीच अनुभवता आला नाही.

दैनंदिन जीवनात

जिन्याच्या शेवटच्या पायरीचा अंदाज चुकणे, पेल्याबाहेर पाणी सांडणे, समोरून येणाऱ्या वाहनाचे अंतर न उमगणे अशा तक्रारी वयाच्या किंवा चष्म्याच्या माथी मारल्या जातात. दृष्टिक्षेत्राचा खालचा भाग गेला असल्यास पडण्याचा धोका अधिक वाढतो. पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी आणि पुरेसा उजेड यांचा उपयोग होतो.

खोलीची जाणीव तपासण्याच्या एका प्रचलित चाचणीत विशेष चष्मा लावून माशीचे चित्र दाखवतात; ही जाणीव शाबूत असलेली व्यक्ती माशीचे पंख कागदाच्या वर, हवेतच चिमटीत धरू पाहते. तथापि काचबिंदूचे निदान यावरून होत नाही. त्यासाठी नसेची पाहणी, डोळ्यातील दाबाचे मापन आणि प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिक्षेत्राची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते. थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रियेने दाब कमी करून पुढील हानी रोखता किंवा लांबवता येते. गेलेली दृष्टी परत येत नाही.