मित्राचा संसार, दारू आणि आपण

रायगडाच्या पायथ्याशी वसलेले पाचाड हे महाड तालुक्यातील गाव राजमाता जिजाबाईंच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. गडावरील हवा मानवत नसल्याने शिवाजी महाराजांनी मातोश्रींसाठी येथे वाडा बांधला, असे सांगतात. राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, त्यांचे येथेच निधन झाले. समाधीचे दर्शन घेऊन प्रवासी गडाची वाट धरतो. गावाचा दिनक्रम मात्र महाड-पोलादपूर परिसरातील इतर खेड्यांसारखाच आहे. पावसाळ्यात भातशेती करावी, अनेक घरांतील कर्त्या पुरुषाने मुंबई-पुण्यास नोकरी करावी आणि गणपतीला व शिमग्याला घरे माणसांनी भरून जावीत, असा हा क्रम आहे.

अशा एखाद्या गावात, किंबहुना महाराष्ट्रात कोठेही, रात्री अपरात्री दारावर थाप पडते. मित्र दारू पिऊन घरी आलेला असतो आणि त्याची पत्नी मुलांना घेऊन आपल्या ओटीवर उभी असते. दार उघडणारा पुष्कळदा शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य असतो. कारण गावाचा विश्वास त्याच्यावर असतो. त्या क्षणापासून तो दुसऱ्याच्या संसारात गुंतत जातो. त्याने काय करावे आणि काय करू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

रामलाल आणि तळीराम

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकर आणि सिंधू यांच्या संसाराची दारूपायी झालेली धूळधाण मराठी माणसाला त्यामुळे ठाऊक आहे. सुधाकराच्या भोवती दोन प्रकारचे स्नेही आहेत. तळीराम प्याला पुढे करतो, तर रामलाल कळवळून हिताचे सांगतो. तळीरामाला आपण सहज ओळखतो. परंतु रामलालचा जिव्हाळा खरा असूनही तो संसार वाचत नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. व्यसन जडल्यावर उपदेश पुरेसा पडत नाही. मद्यावलंबन हा आजार असल्याचे आज वैद्यकशास्त्र मानते आणि आजाराला उपचार लागतात.

‘सांभाळून घेणे’ म्हणजे काय?

रामलाल व तळीराम यांच्या मधला एक तिसरा मित्र आपल्या समाजात फार आढळतो. तो दारू पाजत नाही. मात्र मित्राची उधारी भागवतो, कचेरीत ‘आज त्याला ताप आहे’ असे कळवतो आणि घरी ‘तो माझ्याकडेच आहे’ असा निरोप देतो. प्रस्तुत लेखकाने एका मित्रासाठी दीड-दोन वर्षे हेच केले. आपण एक संसार सावरीत आहोत, अशी त्याची समजूत होती. एके दिवशी मित्राची पत्नी म्हणाली, “भावजी, तुम्ही पैसे देता आणि ते पितात. मला विचारलंत का कधी?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. पैसे देणे थांबले तेव्हा मित्राने चार महिने अबोला धरला. पुढे एका सकाळी त्यानेच दवाखान्यात सोबत येण्याची विनंती केली. त्यानंतरही एकदा त्याचे पाऊल घसरले व पुन्हा उपचार घ्यावे लागले. आपण घातलेले पांघरूण मित्रावर नसून त्याच्या व्यसनावर होते, एवढे मात्र लेखकाला कळून चुकले.

मध्यस्थीची मर्यादा

बोलणे करावयाचे ते मित्र शुद्धीवर असताना, शक्यतो सकाळी, एकांतात. पतिपत्नीच्या भांडणात न्यायाधीश होऊ नये, तसेच एकाचे बोलणे दुसऱ्याला पोहोचवू नये. ‘पदरात पडले, सांभाळून घे’ असा सल्ला पत्नीला कदापि देऊ नये. दारू हे मारहाणीचे कारण सांगितले जाते, परंतु त्यामुळे मारहाण क्षम्य ठरत नाही. पत्नीशी बोलताना आपल्या घरातील स्त्रीला सोबत घेतल्यास तिला मोकळेपणा वाटतो आणि गैरसमजास जागा राहत नाही.

आपल्याकडे माळ घालून किंवा देवापुढे शपथ घेऊन दारू सोडण्याची रीत आहे. तिचे मोल आहेच. तथापि अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात व प्रसंगी ते जिवावर बेततात. म्हणून शपथेआधी डॉक्टरांचा सल्ला अगत्याचा आहे.

पाठबळ कोठे मिळेल?

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाबरोबर कुटुंबीयांचाही विचार केला जातो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभा आपल्या राज्यातही भरतात. व्यसनी व्यक्तीच्या नातेवाइकांसाठी व मित्रांसाठी ‘अल-अनॉन’ ही स्वतंत्र चळवळ आहे. व्यसनमुक्तीविषयी १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

घरात हिंसा होत असेल तर मैत्रीची भीड बाजूस ठेवावी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या कलम ४ नुसार कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास माहिती देऊ शकते. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर ते ठळक लिहून ठेवावेत.

दारावर थाप पडली की दार उघडावेच. बाई व मुले यांना त्या रात्री निवारा द्यावा. सकाळी मित्राला खरे ते सांगावे, उपचाराची वाट दाखवावी आणि तो निघाला तर सोबत जावे. ती वाट चालण्याचे काम मात्र त्याचे त्यालाच करावे लागते.