कॅप्टनला सोडायचं कधी?

२७ मार्च २०१३ रोजी कॅल्गरी फ्लेम्सचा कोलोरॅडोशी सामना होता आणि संघाचा कॅप्टन जरोम इगिनला त्या दिवशी खेळला नाही. त्याला दुखापत झालेली नव्हती. नॅशनल हॉकी लीगमध्ये अशा वेळी एकच अर्थ निघतो: खेळाडूचा ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल, ठरत आलाय, आणि ऐन वेळी तो जायबंदी होऊ नये म्हणून त्याला बाहेर बसवलंय. बातमी आली की इगिनला बॉस्टनला चालला. काही तासांनी कळलं, बॉस्टनला नव्हे, पिट्सबर्गला. कॅल्गरीसाठी ५२५ गोल केलेला राइट विंगर गेला. बदल्यात मिळाले कॉलेजच्या संघांतून खेळणारे दोन फॉरवर्ड आणि येत्या ड्राफ्टमधली (तरुण खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली) पहिल्या फेरीतली एक निवड.

भरवशाच्या, पण वय होत चाललेल्या विंगरला संघानं ट्रेड करावं का, हा वाद उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत दर हंगामात कुठल्या ना कुठल्या शहरात पेटतो. त्याचं उत्तर शोधायचं तर कॅल्गरीचा इतिहास चाळावा. या संघापुढे अठरा वर्षांत असाच प्रश्न तीनदा आला. दोनदा त्यांनी तो वेळेत सोडवला, तिसऱ्यांदा वेळ टळून गेल्यावर.

आधी या खेळातला व्यवहार समजून घ्यायला हवा. खेळाडूचा करार संघाच्या ताब्यात असतो. करारात बदलीविरुद्ध खास कलम नसेल, तर संघ त्याला भर हंगामात, त्याला न विचारता दुसऱ्या शहरात पाठवू शकतो. करार संपला की मात्र पारडं फिरतं. अनुभवी खेळाडू मोकळा होतो, हवं तिथे जातो आणि जुन्या संघाच्या हाती काहीच लागत नाही. त्यामुळे कराराचं एकेक वर्ष सरतं, तशी खेळाडूची ट्रेडमधली किंमत उतरत जाते. त्याचा खेळ तसाच राहिला तरीही.

पहिली वेळ डिसेंबर १९९५ची. जो न्यूवेंडाइक हा कॅल्गरीच्या १९८९च्या स्टॅन्ले कप (लीगचं अजिंक्यपद) विजेत्या संघातला सेंटर. कराराच्या पैशांवरून बिनसलं आणि तो हंगामाच्या सुरुवातीपासून खेळायलाच आला नाही. कॅल्गरीनं त्याला डॅलसला दिलं आणि मोबदल्यात कोरी मिलेनबरोबर एक अठरा वर्षांचा मुलगा घेतला. त्याचं नाव जरोम इगिनला. एडमंटनमध्ये जन्मलेला, वडील नायजेरियाचे, आई अमेरिकेची. डॅलसनं त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला अकराव्या क्रमांकावर निवडलं होतं. पुढे १९९९मध्ये डॅलस स्टॅन्ले कप जिंकला आणि त्या प्ले-ऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेरीचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला न्यूवेंडाइक. दोन्ही संघांचं भलं करणारा असा ट्रेड विरळाच.

दुसरी वेळ फेब्रुवारी १९९९ची. थिओ फ्लुरी, उंची जेमतेम साडेपाच फूट, संघाच्या इतिहासात तोवर सर्वाधिक गुण (गोल अधिक गोलला साहाय्य) मिळवलेला विंगर. त्याचा करार त्या उन्हाळ्यात संपत होता. कॅनडाच्या डॉलरची तेव्हा पडझड झालेली. तिकिटांचं उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये आणि पगार अमेरिकन डॉलरमध्ये, असा कॅल्गरीसारख्या शहरातल्या संघाचा पेच होता. लाडक्या फ्लुरीला कोलोरॅडोला धाडलं. बदल्यात आलेल्यांपैकी एक होता रॉबिन रेगीर नावाचा तरुण डिफेन्समन. त्याच उन्हाळ्यात मोटारीच्या अपघातात रेगीरचे दोन्ही पाय मोडले, तरी पुढच्याच हंगामात तो लीगमध्ये खेळला. दहा वर्षांहून अधिक काळ कॅल्गरीची बचावफळी त्याच्यावर विसंबून होती.

या दोन निर्णयांचं फळ २००४मध्ये मिळालं. इगिनला एव्हाना लीगचा मोठा तारा झाला होता. २००१-०२मध्ये ५२ गोल आणि ९६ गुणांसह तो दोन्ही याद्यांत पहिला होता. सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिकमध्ये कॅनडाच्या सुवर्णपदकाच्या सामन्यात त्याचे दोन गोल होते. २००३मध्ये त्याच्याकडे कॅप्टनपद आलं. सात हंगाम प्ले-ऑफचं तोंड न पाहिलेला संघ सहाव्या मानांकनावरून निघाला आणि व्हँकूव्हर, डेट्रॉइट, सॅन होजे या आपल्या बाजूच्या तिन्ही डिव्हिजन विजेत्यांना हरवून अंतिम फेरीत टँपा बेसमोर उभा राहिला.

त्या अंतिम फेरीतला पाचवा सामना टँपात झाला आणि ओव्हरटाइममध्ये गेला. इगिनला काय चीज आहे, हे ज्याला पाहायचंय त्यानं त्यातली शेवटची मिनिटं पाहावीत. झटापटीत त्याचं हेल्मेट निघून पडलं. तो बदली होऊन बाकावर परतला नाही. उघड्या डोक्यानं, दमछाक झालेली असताना तो पकच्या मागे धावत राहिला, टँपाच्या बचावपटूंना रेटत राहिला, आणि अखेर त्यानं मारलेला जोरकस शॉट गोलरक्षक खबिबुलिननं अडवला खरा, पण पक सुटला आणि ओलेग साप्रिकिननं तो जाळ्यात सारला. कॅल्गरी ३-२ आघाडीवर. सहावा सामना घरच्या सॅडलडोममध्ये होता. तो दुसऱ्या ओव्हरटाइमच्या ३३व्या सेकंदाला संपला आणि गोल होता मार्टिन सँ लुईचा. याच विंगरला कॅल्गरीनं २०००मध्ये बिनकामाचा म्हणून सोडून दिलं होतं. सातवा सामना टँपानं २-१ जिंकला आणि कप हुकला.

माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ त्या उन्हाळ्यात आहे. कप एका गोलानं गेला, म्हणजे आपण एका गोलाइतकेच कमी आहोत, असा संघाचा समज झाला. त्या समजापायी नऊ वर्षं गेली. लीगचा एक हंगाम कामबंदीत वाहून गेल्यावर २००६ ते २००९ सलग चार वर्षं संघ प्ले-ऑफमध्ये पोचला आणि चारही वेळा पहिल्याच फेरीत बाद झाला: अ‍ॅनाहाइम, डेट्रॉइट, सॅन होजे, शिकागो. इगिनला मात्र थकला नव्हता. २००७-०८मध्ये त्यानं पुन्हा ५० गोल केले आणि ९८ गुण मिळवले. दरम्यान त्याच्याशी पाच वर्षांचा, वर्षाला ७० लाख डॉलरचा करार झाला होता. त्यात त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही न हलवण्याचं कलम होतं, आणि त्याची कामगिरी पाहता ते योग्यच होतं.

त्यानंतर काय झालं ते आकड्यांत स्पष्ट दिसतं. २००९-१०: इगिनलाचे ३२ गोल, संघ पश्चिम विभागात दहावा. २०१०-११: ४३ गोल, संघ पुन्हा दहावा. २०११-१२: ३२ गोल, संघ नववा. प्ले-ऑफमध्ये विभागातले आठच संघ जात. तिन्ही वर्षं दार समोर दिसत होतं आणि तिन्ही वर्षं ते बंद झालं.

असा खेळाडू संघाचं दुखणं झाकतो. तो दर वर्षी तीस-चाळीस गोल करणारच, ही खात्री असली की व्यवस्थापनाला वाटतं, बाकीचं थोडं डागडुजीनं भागेल. त्या गोलांमुळे संघ तळाला जात नाही, म्हणून ड्राफ्टमध्ये वरची निवड मिळत नाही. एकटा माणूस पुरत नाही, म्हणून संघ वरही जात नाही. मधल्या मध्ये लोंबकळत राहतो. कॅल्गरीनं डागडुजीसाठी भविष्य गहाण टाकलं. ऑली योकिनेनला आणण्यासाठी पहिल्या फेरीतली निवड देऊन टाकली आणि वर्षभरात त्यालाही दुसरीकडे पाठवलं. डियॉन फनफ गेला, २०११मध्ये रेगीर गेला. कॅप्टनभोवतीचा एकेक खांब हलवला, फक्त मुख्य प्रश्नाला हात लावला नाही.

तो प्रश्न २०११च्या उन्हाळ्यात विचारायला हवा होता, असं मी ठामपणे म्हणतो. इगिनला ३४ वर्षांचा होत होता. नुकताच ४३ गोलांचा हंगाम झाला होता, कारकिर्दीतले हजार गुण पूर्ण झाले होते, आणि करार दोन वर्षं शिल्लक होता. कपाच्या उंबरठ्यावर असलेल्या कुठल्याही संघाला तो दोन वसंत ऋतूंसाठी मिळाला असता. याहून चांगली किंमत पुन्हा येणं शक्य नव्हतं. त्याला समोर बसवून सरळ विचारायचं होतं: आम्ही संघ नव्यानं बांधणार आहोत. तुला इथेच थांबायचंय की कप जिंकू शकेल अशा ठिकाणी जायचंय? संमतीचं कलम असल्यामुळे हे संभाषण अवघड झालं असतं हे खरं, पण ते टाळण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

ज्यांनी त्याला ठेवलं त्यांची बाजू पोकळ नव्हती. शेजारच्या एडमंटननं फेब्रुवारी २००७मध्ये आपला लाडका लेफ्ट विंगर रायन स्मिथ न्यूयॉर्क आयलंडर्सला दिला होता. कराराचा तिढा सुटला नाही म्हणून दिला. विमानतळावर निरोप घेताना स्मिथला रडू आवरेना. बदल्यात आलेल्यांपैकी कुणीही तिथे रुजलं नाही आणि एडमंटनला पुन्हा प्ले-ऑफ दिसले ते थेट २०१७मध्ये. कॅल्गरीच्या लोकांनी ही वाताहत जवळून पाहिली होती. दुसरं उदाहरण उलट बाजूचं. २०१२मध्ये लॉस एंजेलिस किंग्ज आठव्या क्रमांकानं कसेबसे आत शिरले आणि थेट कप घेऊन गेले. त्यांचा प्रशिक्षक होता डॅरिल सटर, २००४च्या कॅल्गरीचाच माणूस. आठवा संघ जिंकू शकतो, तर नवव्यानं आशा का सोडावी?

आणि माणूस म्हणून इगिनलाचं मोल त्या शहराला वेगळंच होतं. तो आपल्या प्रत्येक गोलामागे गरजू मुलांच्या खेळासाठी पैसे देत असे. सॉल्ट लेक सिटीत काही कॅल्गरीकर चाहते हॉटेलबाहेर गाडीत झोपताहेत हे कळल्यावर त्यानं स्वतःच्या खर्चानं त्यांना खोल्या मिळवून दिल्या होत्या. अशा माणसाला पाठवून देताना हात थरथरणारच. मात्र ही माया त्याच्या उपयोगी पडली नाही. कारकिर्दीची उरलेली ऐन वर्षं तो हरणाऱ्या संघात घालवत होता. संघाला त्याच्याबद्दल कृतज्ञता होती, तर ती त्याला कपाची संधी देऊन व्यक्त करता आली असती.

२०१३चा हंगाम पुन्हा कामबंदीनं कापला गेला. सामने फक्त ४८. संघाचं धोरण किती भरकटलं होतं ते त्या एका महिन्यात दिसतं. फेब्रुवारीच्या अखेरीस कॅल्गरीनं कोलोरॅडोच्या रायन ओराइलीला मोठ्या रकमेचा प्रस्ताव दिला. कोलोरॅडोनं ओराइलीला जाऊ दिलं असतं तर कॅल्गरीला पहिल्या फेरीतली निवड द्यावी लागली असती. म्हणजे संघ तेव्हा आजच जिंकायच्या तयारीत होता. महिनाभरानं त्याच संघानं कॅप्टनला ट्रेड केलं, म्हणजे आता उद्याची तयारी. ओराइलीला कोलोरॅडोनं ठेवून घेतलं हे कॅल्गरीचं नशीब. वाचलेल्या त्या निवडीतून, सहाव्या क्रमांकावर, शॉन मोनाहन आला आणि पुढची काही वर्षं संघाचा आधार बनला.

इगिनलाच्या बदल्यात आलेल्यांचं काय झालं? केनी अगोस्टिनो आणि बेन हनोस्की कॅल्गरीत टिकले नाहीत. पिट्सबर्गच्या निवडीतून २८व्या क्रमांकावर घेतलेला मॉर्गन क्लिमचुक लीगमध्ये फक्त एक सामना खेळला. करार संपायला जेमतेम तीन महिने, आणि कुठे जायचं ते ठरवणार खेळाडू: अशा वेळी समोरचा संघ यापेक्षा जास्त देत नाही. इगिनलालाही कप मिळाला नाही. पिट्सबर्गला पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत बॉस्टननं, ज्या संघाला त्यानं नाकारलं होतं त्यानंच, ४-० असं धुतलं आणि त्या चार सामन्यांत इगिनलाच्या नावावर एकही गुण नव्हता. पुढे बॉस्टन, कोलोरॅडो, लॉस एंजेलिस असा प्रवास करून तो २०१८मध्ये निवृत्त झाला. १५५४ सामने, ६२५ गोल, १३०० गुण, आणि एकही स्टॅन्ले कप नाही. कॅल्गरीनं २०१९मध्ये त्याचा १२ नंबर निवृत्त केला. पुढे हॉल ऑफ फेमनंही त्याला मान दिला. शहराचं प्रेम तसूभर कमी झालं नव्हतं. डिसेंबर २०१३मध्ये तो बॉस्टनच्या जर्सीत सॅडलडोमला आला, तेव्हा त्याच्या नव्या संघानं यजमानांना हरवलं, तरी प्रेक्षक जागचे हलले नाहीत. बॉस्टनच्या सहकाऱ्यांनी त्याला परत बर्फावर ढकललं आणि अख्ख्या स्टेडियमनं उभं राहून त्याला मानवंदना दिली. वेळेत ट्रेड केलं तर लोक माफ करणार नाहीत, ही भीती किती निराधार होती, ते त्या दिवशी कळलं.

हा धडा कॅल्गरीला एका फटक्यात कळला नाही. २०२२मध्ये विंगर जॉनी गॉड्रो करार संपवून निघून गेला आणि संघाला त्याच्या बदल्यात काहीही मिळालं नाही. त्याच उन्हाळ्यात मॅथ्यू टकाचकनं दीर्घ करार करणार नाही असं सांगताच मात्र त्याला ताबडतोब फ्लोरिडाला पाठवून मोबदल्यात तयार खेळाडू घेतले. २०२३-२४मध्ये करार संपत आलेल्या अनेकांना हंगाम संपण्याआधीच दुसरीकडे दिलं. आणि त्याच हंगामाच्या तोंडावर जुन्याजाणत्या मिकाएल बॅकलुंडशी करार वाढवून त्याला कॅप्टन केलं. जुन्याला ठेवणं हाही निर्णयच असतो. तो उघडपणे, कारण सांगून घेतला की त्याला अर्थ येतो.

म्हणून भरवशाच्या खेळाडूला सोडावं की ठेवावं, याचं सरसकट उत्तर मी देणार नाही. फ्लुरीला सोडणं बरोबर होतं, स्मिथला सोडणं महाग पडलं, बॅकलुंडला ठेवणं समजण्यासारखं आहे. पण करार संपायला दोन वर्षं उरलेली असताना संघानं त्या खेळाडूसमोर बसावं, आपला संघ खरोखर कुठे उभा आहे हे प्रामाणिकपणे मांडावं, त्याला काय हवंय ते ऐकावं आणि उन्हाळा संपायच्या आत निर्णय जाहीर करावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इगिनलानं सोळा वर्षं कॅल्गरीला आपल्या खेळानं स्पष्ट उत्तरं दिली. त्याला एक स्पष्ट उत्तर देणं संघाचं कर्तव्य होतं, आणि ते २०११मध्येच द्यायला हवं होतं.