रोग्याला कळू द्या

चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. चांगल्या रोग्याचे गुणही चारच दिले आहेत : स्मरण, सांगितलेले पाळणे, निर्भयता आणि आपले दुखणे नीट सांगता येणे. म्हणजे या जुन्या मांडणीत रोग्याच्या वाट्याला नुसते सोसणे नाही, उपचारातले कामही आहे.

आमच्या वसमत भागात कर्करोगाची शंका आली की नेमका हाच पाय बांधला जातो. आधी नांदेड, मग छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा १९४१पासून चालू असलेले परळचे टाटा रुग्णालय. सगळीकडे फाइल मुलाच्या हातात असते. डॉक्टरांच्या कानावर आधीच घातलेले असते, ‘अण्णांना काही बोलू नका, खचतील.’ यामागची माया मी नाकारत नाही. पण शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे पुष्कळ काम रोग्यालाच करायचे असते. ज्याला आजारच माहीत नाही, तो ते का करील?

तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे जास्त आढळणारा तोंडाचा कर्करोग घ्या. जखम जिभेवर असताना मान का कापायची, असे घरच्यांना वाटते. टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली याचे उत्तर दिले. सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांत मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. मानेवरच्या छेदाला एवढे सबळ कारण आहे, आणि ते रोग्याला समजण्याजोगे आहे.

पण मानेच्या या शस्त्रक्रियेत खांद्याच्या नसेला ताण बसू शकतो. मग हात वर जात नाही. हळदीची पाटी डोक्यावर घेणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. फिजिओथेरपिस्टने दाखवलेला खांद्याचा व्यायाम रोज केला, तर हालचाल सुधारायला मदत होते. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायामही असाच. तो दुखतो, आणि दुखते म्हणून सुटतो. शस्त्रक्रियेआधी तंबाखू सोडणे, श्वासाचा व्यायाम शिकणे, घरी ड्रेनच्या नळीतून रोज किती मिलिलिटर स्राव आला ते लिहून ठेवणे, ताप, लाली किंवा सूज दिसताच कळवणे, ही सारी कामे त्याचीच. ‘साधी गाठ होती, काढली’ असे सांगितलेला माणूस टाके निघाले की व्यायाम आणि पुढच्या तारखा दोन्ही सोडतो. अशी माणसे मी या भागात पाहिली आहेत.

कायदाही हेच सांगतो. समीरा कोहली खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना आईच्या संमतीने तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले होते. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की सज्ञान रुग्ण तात्पुरता बेशुद्ध असेल आणि थांबल्याने जिवाला धोका नसेल, तर आईची संमती पुरत नाही. मग शुद्धीवर असलेल्या अण्णांच्या जागी मुलाची सही कशी चालेल?

याचा अर्थ सगळे एकदम तोंडावर सांगावे असा नाही. आधी विचारावे, ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे? सोबत कोण असावे?’ एखादा म्हणेल, ‘पोरालाच सांगा.’ हरकत नाही. तो त्याचा निर्णय झाला. बाकीच्यांसाठी दोन रुपयांचा पेन आणि एक वही पुरते. त्यात प्रश्न रोग्याने लिहावेत किंवा लिहून घ्यावेत : काय काढणार, का काढणार, नंतर खाणे-बोलणे कसे राहील, घरी मी काय करायचे, कशासाठी लगेच परत यायचे. त्या वहीसह फाइल त्याच्याच हातात द्यावी.